बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा का?



दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचा हंगाम संपवून परतलेली एक बहीण पेठच्या आमच्या केंद्रात आली. म्हणाली, "ताई, तिकडच्या संगतीत सांगतात, लहानपणीचा बाप्तिस्मा खोटा. परत पाण्यात उतर, नाहीतर तारण नाही. मग माझ्या बापाने मला मंडळीत नेलं, ते फुकट गेलं का?" याच वादामुळे तिची सासू तिच्याशी बोलेनाशी झाली होती, आणि तिने स्वतः प्रभुभोजन घेणे थांबवले होते. आमच्या पाड्यांवर हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून लिहिते.

पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असे म्हणणारे प्रेषितांची कृत्ये १९ दाखवतात. पण इफिसच्या त्या शिष्यांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा होता. प्रभू येशूच्या नावाने त्यांचा तो पहिलाच. उलट आठव्या अध्यायातला शिमोन बाप्तिस्म्यानंतर चुकला, तेव्हा पेत्राने त्याला पुन्हा पाण्याकडे नव्हे, पश्चात्तापाकडे पाठवले. इफिसकरांस पत्र ४:५ मध्येही पौल एकाच बाप्तिस्म्याविषयी बोलतो.

हा वाद जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत, पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे. रोमचे बिशप स्टीफन यांना ते मान्य नव्हते. पुढे ३१४ साली आर्लच्या परिषदेने ठरवले की, पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल, तर परत आलेल्यावर केवळ हात ठेवावेत. कारण अभिवचन देवाचे आहे. ते देणाऱ्याच्या योग्यतेवर किंवा आपल्या भावनेवर टिकून नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. बॅप्टिस्ट बंधू स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात. बालकाचा बाप्तिस्मा त्यांच्या मते बाप्तिस्माच नव्हे. म्हणून आपण दुसऱ्यांदा देतो असे ते मानत नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा तीत अँग्लिकन होते आणि बॅप्टिस्टही. बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती त्यांनी शेजारी शेजारी मान्य केल्या. एकमेकांना खोटे ठरवणे हाच काही एकमेव मार्ग नाही.

मग बाप्तिस्मा झाला की नाही हेच ठाऊक नसेल तर? अशा वेळी काही मंडळ्यांत पाळक "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" अशा शब्दांनी तो देतात, म्हणजे पहिल्याचा अवमान होत नाही.

त्या बहिणीची नोंद मात्र मंडळीच्या जुन्या रजिस्टरात सापडली. पाळकसाहेबांनी ती वाचून दाखवली. ती बराच वेळ वडिलांच्या नावावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "पण ताई, याचा अर्थ मला कोणी सांगितलाच नव्हता."

हे बोल मला लागले. आम्ही पाणी दिले, शिकवण दिली नाही. वर्षातले कित्येक महिने मजुरीसाठी बाहेर राहणाऱ्या कुटुंबांपर्यंत आमचे बायबलवर्ग पोहोचलेच नाहीत. तिची भूक खरी होती, आणि ती भागवायला दुसरे कोणी आले. आता नागली-भाताच्या कामासाठी लोक गावी असतात, तेव्हा आम्ही पाड्यावर संध्याकाळचा वर्ग घेतो. त्या बहिणीने पुन्हा प्रभुभोजन घेतले. सासूशी बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही. त्या घरासाठी आणि या वर्गांसाठी प्रार्थना करा.