मोटारीतील दोष आणि दोषाची कबुली

गाडीत काही खोट जाणवली म्हणून मालक ती दुरुस्तीखान्यात नेतो. मिस्त्री क्षणभर कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "साहेब, या मॉडेलला हे असतंच. सगळ्याच गाड्यांना आहे." या उत्तराने बहुतेकांचे समाधान होते. आपली एकटीचीच गाडी खोटी निघाली नाही, चारचौघांचे झाले तेच आपले झाले, असा दिलासा त्यात असतो. आम्हांला मात्र हे वाक्य ऐकले की काळजी वाटते. एकाच गाडीत खोट असेल तर तो योगायोग म्हणता येईल. पण सगळ्याच गाड्यांत तीच खोट असेल, तर ती कारखान्यातून आली आहे आणि तिची जबाबदारीही कारखान्यापर्यंत गेली पाहिजे. ही जबाबदारी कशी ठरते, कोठे अडते आणि तीत गाडी वापरणाऱ्या सामान्य माणसाचा वाटा कोणता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. ब्रेकचे लायनर झिजणे, टायर गुळगुळीत होणे, बॅटरी उतरणे ही झीज होय. तिला कोणी दोष म्हणत नाही. एखाद्या गाडीचा एखादा बोल्ट कसावयाचा राहून गेला, तर तो त्या एका गाडीपुरता दोष. वॉरंटीच्या मुदतीत कंपनीने तो फुकट काढून द्यावा म्हणजे प्रश्न मिटतो. तिसरा प्रकार निराळा. आराखडाच चुकला, माल हलक्या प्रतीचा आला, किंवा जुळणीच्या वेळी एखादे यंत्र चुकीचे लावलेले राहिले, म्हणजे त्या काळात बाहेर पडलेल्या हजारो गाड्यांत एकच खोट उतरते. हिला आपण सामायिक दोष म्हणू. आमचे विवेचन या तिसऱ्या प्रकारापुरतेच आहे.

सामायिक दोष ध्यानात आला की कंपनीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली सर्व्हिस बुलेटिनची. हे कंपनीने आपल्या अधिकृत दुरुस्तीखान्यांना धाडलेले सूचनापत्रक असते. 'अमुक तक्रार घेऊन गाडी आली तर अमुक भाग तपासा, अमुक बदला', असा त्याचा मजकूर. ते मालकाच्या घरी जात नाही. ज्याने तक्रार केली त्याचे काम होते. ज्याने केली नाही त्याची गाडी तशीच धावत राहते. खिडकीची काच अडकणे, डॅशबोर्ड खडखडणे अशा गोष्टींसाठी ही वाट योग्यच आहे, आणि पत्रक काढणारी कंपनी लबाड असते असेही मुळीच नाही.

दुसरी वाट रिकॉलची, म्हणजे गाड्या परत मागविण्याची. वर्तमानपत्रातील बातमी वाचून पुष्कळांना वाटते, कंपनी आता गाडी ठेवून घेणार आणि पैसे परत देणार. सहसा तसे होत नाही. सदोष भाग तपासून, दुरुस्त करून किंवा बदलून गाडी परत दिली जाते आणि मालकाला त्याचा खर्च पडत नाही. महत्त्वाचा भेद पुढेच आहे. येथे तक्रारीची वाट पाहावयाची नसते. ज्या ज्या गाडीत तो भाग बसला आहे, तिच्या मालकाला कंपनीने आपण होऊन कळवावयाचे असते. पत्रकात दुरुस्ती असते. परत मागविण्यात दुरुस्तीबरोबर कबुलीही असते.

मग एखाद्या दोषाने कोणत्या वाटेने जावे? उत्तर सोपे आहे: जीवाला धोका असेल तर दुसऱ्या. पण धोका आहे की नाही, हे पहिल्यांदा ठरविते कोण? जिला कबुली महाग पडणार, तीच कंपनी. सगळी गाठ येथे आहे. ही गाठ किती घट्ट बसू शकते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून दिसेल.

जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीने २००४ साली शेव्हरोले कोबाल्ट नावाची लहान मोटार बाजारात आणली. तिच्या चावीचा स्विच फार सैल होता. जुडग्याचे वजन जास्त असले, रस्त्यात मोठा हिसका बसला, किंवा चालकाचा गुडघा चावीला लागला, तर चावी 'चालू'वरून मागे सरके. तसे झाले की धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, ब्रेकला मिळणारी यंत्राची मदत संपे. याहून घातक म्हणजे, वीज तुटल्यामुळे एअरबॅगही उघडत नसे. ज्या क्षणी तिची गरज, त्याच क्षणी ती मुकी राही.

कंपनीला हे ठाऊक नव्हते काय? तक्रारी पहिल्यापासून येत होत्या. पण धावती गाडी बंद पडणे ही 'ग्राहकाच्या सोयीची' बाब ठरविण्यात आली, सुरक्षिततेची नव्हे. एकदा सोयीच्या रकान्यात नोंद झाली की मग खर्च परवडतो की नाही याचा हिशेब सुरू होतो. डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने गाड्या परत मागविल्या नाहीत. सर्व्हिस बुलेटिन काढले. तक्रार घेऊन येणाऱ्याला जुडग्यातील जड वस्तू काढावयास सांगा आणि चावीच्या भोकात एक लहानशी पट्टी बसवून द्या, असा त्याचा आशय. ती पट्टी ज्यांना मिळाली अशा मालकांची संख्या पाचशेच्याही आत राहिली. गाड्या मात्र लाखोंनी रस्त्यावर होत्या.

पुढची गोष्ट अधिक खेदाची आहे. २००६ साली स्विचचा आराखडा गुपचूप सुधारण्यात आला. आतला दट्ट्या आणि त्याची स्प्रिंग थोडी लांब केली. पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवला. कारखान्यात असा दंडक असतो की, वस्तू बदलली की तिचा क्रमांक बदलावयाचा. तो मोडल्यामुळे जुना स्विच कोणता आणि नवा कोणता हे कागदावरून कळेनासे झाले. त्यामुळे कंपनीचेच तपासनीस वर्षानुवर्षे बुचकळ्यात पडले: आधीच्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाही आणि नंतरच्यांत उघडते, हे कसे? अखेर जॉर्जिया राज्यातील एका अपघाताच्या दाव्यात फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून मोजले, तेव्हा कोडे सुटले. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत मागविण्यास सुरुवात झाली आणि थोड्याच आठवड्यांत त्यांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. नुकसानभरपाईच्या निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीला आधी साडेतीन कोटी आणि २०१५ मध्ये नव्वद कोटी डॉलर भरावे लागले. दोष होता एका लहानशा स्प्रिंगचा. पण तो कबूल करण्यास लागलेली सुमारे नऊ वर्षे माणसांना भोवली.

दोष नेहमी असा दाबलेलाच असतो असे नाही; काही दोष काळाच्या ओघात पिकतात. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचे तसेच झाले. एअरबॅग फुगविण्यासाठी धातूच्या डबीत स्फोटक द्रव्य भरलेले असते. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. पुष्कळ डब्यांत ओल शोषणारा पदार्थ घातलाच नव्हता. दमट हवा आणि उष्णतेचे रोजचे चढउतार यांनी त्या द्रव्याच्या वड्या वर्षानुवर्षे भुसभुशीत होत जात. अपघाताच्या वेळी ते द्रव्य वाजवीपेक्षा वेगाने पेटे, डबी फुटे आणि जीव वाचविण्यासाठी ठेवलेल्या वस्तूतून धातूचे तुकडे उडत. २००८ साली होंडाने पहिल्यांदा गाड्या परत मागविल्या. पुढे एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या या यादीत आल्या. येथेही कंपनी निर्मळ नव्हती. चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याबद्दल तिने २०१७ साली गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. भारतातही होंडाने याच कारणासाठी अनेकदा गाड्या परत मागविल्या. आपल्या कोकणपट्टीसारख्या उष्ण-दमट प्रदेशात जुनी गाडी वापरणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण हा दोष चालविताना जाणवत नाही. गाडी उत्तम चालते. आवाज नाही, धूर नाही.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेत राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने मोटारींच्या असुरक्षिततेवर रान उठविले आणि १९६६ साली वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्या पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था स्थापन झाली. म्हणजे वाहन तपासण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सदोष वाहन परत मागविण्याचा कायदा मात्र पुष्कळ उशिरा आला. २०१२ साली उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाचे नियम केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम घालण्यात आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले.

या कलमातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतील माणसांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत मागविण्याचा हुकूम देऊ शकते. दुसरी गोष्ट, उत्पादकाने स्वतः दोष कळवून कामास सुरुवात केली तर त्याला दंड नाही. सक्तीने करावे लागले तर गाड्यांच्या संख्येप्रमाणे दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत. कबुलीला सवलत आणि लपविण्याला शिक्षा, हे यातले शहाणपण. तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी: सरकारने हालचाल करावी यासाठी मालकांच्या तक्रारींची विशिष्ट संख्या भरणे हा एक आधार मानला आहे. नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते आहेत.

तेव्हा न नोंदविलेली तक्रार ही कायद्याच्या दृष्टीने न झालेली तक्रार होय. मिस्त्रीला तोंडी सांगून आपण आपले मन हलके करतो. यादीत भर पडत नाही. म्हणून गाडी चालता चालता बंद पडली, ब्रेक लागला नाही, जळका वास आला, असे काही झाले, तर ते जॉबकार्डावर आपल्या शब्दांत, तारखेनिशी आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्यावे आणि प्रत ठेवावी. 'जनरल चेकिंग' एवढेच लिहिलेल्या कागदाचा पुढे उपयोग नसतो. दाद लागली नाही तर परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनी आहेच.

दुसरे काम चौकशीचे. आरसीवर छापलेला चासी नंबर ही गाडीची जन्मखूण. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो घातला की गाडीचे काही काम बाकी आहे का ते कळते. जुनी गाडी घेणाऱ्याने तर हे अवश्य करावे. आमच्याच घरात घेतलेल्या एका जुन्या गाडीची सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेली होती. ते गृहस्थ बिऱ्हाड बदलून गेलेले. दोन वर्षे आम्ही मुलाबाळांना घेऊन त्या गाडीने निर्धास्त हिंडलो आणि भाग बदलावयाचा आहे हे एके दिवशी सहज नंबर तपासला तेव्हा कळले. काम दोन तासांचे होते आणि पैसाही पडला नाही. त्यात कोणाचा खोटेपणा नव्हता. कंपनीने पत्र धाडले होते, आम्ही विचारले नव्हते. कबुली ऐकणारा जागेवर नसेल तर ती वाऱ्यावर जाते.

यंत्र माणसानेच केलेले, तेव्हा त्यात चूक राहावयाचीच. गाड्या परत मागविणारी कंपनी म्हणजे वाईट कंपनी, हा समज आपण सोडून द्यावा. त्या समजाने प्रामाणिकपणालाच दंड बसतो. ज्या कंपनीची कधीच कबुली नाही, तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे. आणि पुढच्या खेपेस मिस्त्री म्हणाला, "सगळ्याच गाड्यांना हे असतंच", तर मान डोलावून घरी येऊ नये. शांतपणे एवढेच विचारावे, "मग यावर कंपनीचे पत्रक आले आहे का? आणि नसेल, तर माझी तक्रार कार्डावर लिहा." पुष्कळांनी असे विचारले, तर दोष सोयीच्या रकान्यातून धोक्याच्या रकान्यात जाण्यास नऊ वर्षे लागणार नाहीत.