संगणकाचा उंबरठा

घरी पाहुणा आला म्हणजे आधी ओसरीवर थांबतो, आपण कोण ते सांगतो आणि मग आत येतो. संगणकालाही अशी एक ओसरी असते. यंत्र सुरू केल्यावर जो पडदा आपले नाव आणि पासवर्ड विचारतो, तो लॉगिनचा पडदा. तो नीट कसा मांडावा, हे आज पाहू. आपल्या भंडारा जिल्ह्यातील गुरुजींनी आणि बाईंनी हे जरूर ऐकावे.

समजा, साकोलीकडच्या एखाद्या शाळेत एकच संगणक आहे. पाचवीची मुले त्यावर चित्रे काढतात, सातवीची मुले टंकलेखन शिकतात आणि गुरुजी त्यावरच निकालपत्रके करतात. सगळे एकाच नावाने आत जातात. एक दिवस निकालाची फाईल पुसली जाते. कोणी पुसली? यंत्राला ते सांगता येत नाही. त्याच्या लेखी सारे एकच. इथे दोष मुलाचा नाही, मांडणीचा आहे.

आणखी एक अडचण पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालता येते. म्हणून आजची उदाहरणे तिचीच घेऊ.

पूर्वी काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे येत आणि नाव टंकून आत जावे लागे. १९८८ साली युनिक्स यंत्रांसाठी एक्सडीएम नावाचा चित्रमय द्वारपाल निघाला. मिंटमध्ये हे काम लाइटडीएम करतो. त्याची रीत सोपी आहे. यंत्र जागे झाले की तो पडदा मांडतो. आपण नाव निवडून पासवर्ड देतो. जुळला की आपला डेस्कटॉप उघडतो. यंत्र पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. गणिती रीतीने तो मोडून त्याची एक खूण ठेवते आणि आपण दिलेल्या शब्दाची खूण तिच्याशी ताडून पाहते. म्हणूनच विसरलेला पासवर्ड यंत्राकडून परत मिळत नाही. नवाच द्यावा लागतो.

आता कृती. पहिले काम खात्यांचे. ‘युजर्स अँड ग्रुप्स’ उघडा आणि गुरुजींचे एक व प्रत्येक वर्गाचे एक, अशी खाती काढा. गुरुजींचे खाते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, मुलांची ‘स्टँडर्ड’. मग मुलांच्या हातून यंत्राची मुख्य मांडणी बिघडत नाही आणि गुरुजींच्या फायली पुसल्या जात नाहीत. खात्याचे आतले नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत असावे. पण पूर्ण नाव देवनागरीत देता येते आणि पडद्यावर तेच दिसते. ‘इयत्ता सातवी’ असे आपल्या लिपीत वाचले की मुलाचा हात आपोआप योग्य जागी जातो.

दुसरे काम सजावटीचे. मेनूतील ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये ‘लॉगिन विंडो’ असते. तेथे मागचे चित्र बदलता येते. गावच्या मालगुजारी तलावाचे छायाचित्र लावा, धानाच्या बांध्यांचे लावा. मुलांनाच निवडू द्या. मात्र चित्र फार भडक नको, नाहीतर नावे वाचता येत नाहीत. शिवाय ते आपल्या खासगी फोल्डरमध्ये ठेवू नका. पडदा मांडणारा द्वारपाल वेगळ्याच खात्यावर चालतो. त्या फोल्डरात त्याला मज्जाव असला, तर चित्र दिसतच नाही. चित्र सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवावे.

तेथेच पाहुण्यासाठी तात्पुरते खाते चालू करता येते. त्यात केलेले काम बाहेर पडताच पुसले जाते, हे मुलांना आधी सांगा. पासवर्डाशिवाय आपोआप आत जाण्याचीही सोय आहे. ती शाळेत वापरू नये. दार उघडे टाकून कुलूप विकत घेण्यात काय अर्थ?

आता नेहमी फसवणारी गोष्ट. एखादा मुलगा म्हणेल, “गुरुजी, माहा पासवर्ड बराबर हाये, पन घेतच नाही!” तो खरे सांगत असतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असला, तर त्याच कळांनी दुसरीच अक्षरे उमटतात, आणि पडद्यावर तर नुसते ठिपके दिसतात. कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी आणि कॅप्स लॉकही तपासावे. लॉगिनसाठी इंग्रजी मांडणी पहिली ठेवली, तर हा घोळ टळतो.

कधी पासवर्ड बरोबर असूनही यंत्र फिरून त्याच पडद्यावर आणून सोडते. घाबरू नका. पुष्कळदा डिस्क गच्च भरल्याने असे होते. कंट्रोल, आल्ट आणि एफ-२ या कळा एकदम दाबल्या की जुना अक्षरांचा पडदा येतो. जाणकाराने तेथून आत जाऊन नको त्या फायली काढाव्यात. मिंटवर बहुधा एफ-७ ने परत येता येते.

शेवटी एक सावधगिरी. लॉगिनचा पडदा म्हणजे तिजोरी नव्हे. कोणी डिस्कच काढून नेली, तर उघडी माहिती दुसऱ्या यंत्रावर वाचता येते. म्हणून निकालाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, कपाटात कुलपाखाली ठेवावी.

एवढ्या कामाला एक दुपार पुरते. मग सातवीचे मूल स्वतःच्या वर्गाच्या नावाने आत जाईल, काम झाल्यावर लॉग आऊट करून बाहेर पडेल, आणि पुढच्याचे काम जसेच्या तसे राहील. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावू नये, हे आपण मुलांना सांगतोच. संगणकावर ते पाळायची सोय मात्र आपणच करून द्यायला हवी.