घरातली पहिली मोटारसायकल



नवी मोटारसायकल घेतली म्हणजे असे काय मोठे केले, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. ज्यांच्या वाड्यात आजोबांच्या वेळेपासून गाडी उभी आहे त्यांनी खुशाल तसे विचारावे. पण ज्या घरात सायकलीच्या पुढे कधी काही आले नाही, जिथला कर्ता माणूस आयुष्यभर बसथांब्यावर ताटकळत उभा राहिला, त्या घरापुढे नवी गाडी येऊन उभी राहते तेव्हा सगळी गल्ली गोळा होते. म्हातारी माणसे टाकीवरून हात फिरवतात. पोरे आरशात तोंड बघून घेतात. हा आनंद खरा आहे, कष्टाचा आहे, आणि तो कोणालाही न लाजता घ्यावा, या मताचा मी आहे.

आपल्या माणसाला वाहनाचे मोल जरा जास्तच कळते, आणि त्याला कारण आहे. १९०१ साली लहानगे भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, बैलगाडी मुलांनीच हाकायची असे ठरले, आणि गाडीवान बाजूने पायी चालला. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब चाळीसगावला गेले, तेव्हाही तीच गत. टांगेवाले त्यांना टांग्यात घेऊन जायला तयार नव्हते. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्या पाहुण्याने पायी जाऊ नये म्हणून वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. पैसे खिशात असून गाडी मिळत नाही, हे दुःख काय असते ते या दोन प्रसंगांत आहे.

आणि हे सगळे जुने झाले असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात, तू बुलेट चालवतोस कशी, म्हणून एका दलित तरुणाच्या हातांवर वार केल्याची फिर्याद पोलिसांत दाखल झाली. म्हणजे आपल्या पोराच्या बुडाखालची गाडी आजही कोणाच्या तरी डोळ्यांत सलते.

आमच्या लहानपणी मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. राजदूतवर दूधवाला यायचा, बुलेटवर फौजदार. बजाजच्या स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. कामगार माणूस फार तर लुना घ्यायचा आणि चढ आला की पायडल मारायचा. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर. चार स्ट्रोकचे छोटे इंजिन, एका लिटरमध्ये साठ-सत्तर किलोमीटर पळणारे. कष्टकऱ्याच्या दारात मोटारसायकल आणली ती खरी या हिशेबाने. दिसण्यातला रुबाब नंतरचा.

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतले एक शेजारी. सातपूरच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षे हेल्पर. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. सेकंड शिफ्ट सुटली की बस नसते, रिक्षावाला मागेल ते घेतो. हा माणूस कधी सायकलवर, कधी कोणाच्या तरी गाडीच्या मागे बसून घरी यायचा. दुसऱ्याच्या मागे बसणाऱ्याला दुसऱ्याचे ऐकावे लागते. त्याला चहा प्यायचा असला की आपण थांबायचे, त्याची सुट्टी असली की आपण पायी. गेल्या दिवाळीला, म्हणजे २०२५ च्या, त्यांनी गाडी घेतली. वहिनींच्या बचत गटातून वीस हजार, बोनसचे दहा हजार, बाकी साठ हजार कर्ज. त्याच सप्टेंबरच्या २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. ऐंशी हजारांच्या गाडीमागे सहा हजारांहून जास्त वाचतात, म्हणून दोन महिने थांबून धरले होते.

गाडी घरी आली त्या रात्री भाऊ तीनदा उठून बाहेर डोकावले, असे वहिनी सांगतात. साखळी, कुलूप, वरून जुन्या साडीचे पांघरूण. सीटवरचे प्लॅस्टिक महिनाभर निघाले नाही. ‘एमएच-१५’ च्या पुढचा नंबर घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ. त्यांची आई पंचाहत्तरीच्या. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन या बाईने नाशिकरोड ते देवळालीगाव पायाखाली घातले आहे. त्या मागे बसल्या आणि म्हणाल्या, “बाळा, हळू चाल. आन् बाजारातनं घे. समद्यांना दिसू दे.” भाऊ दोन गल्ल्यांचा वळसा घालून बाजारातून गेले.

शोरूममध्ये एक गंमत झाली. तिथल्या पोराने सवयीने चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ पुढे केला, हँडलला मिरची बांधायला दोरा काढला. भाऊ शांतपणे म्हणाले, “आमच्यात हे करत नाहीत. तेवढे ब्रेक एकदा तपासून द्या.” पोराने लिंबू उचलले, ब्रेक तपासले. संध्याकाळी घरी गाडीला झेंडूचा हार घातला, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या फोटोला वंदन केले, वस्तीत पेढे वाटले. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घराला एवढे पुरे. पोरांनी नंबरप्लेटवर ‘जयभीम’ लिहायचा हट्ट धरला होता. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काही लिहिता येत नाही, दंड होतो. जयभीम टाकीवर, छोट्या निळ्या अक्षरांत आले आणि तिथे ते शोभतेही.

आता कर्जाचे बोलू, कारण मी कारकून माणूस आणि आकडे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. शोरूममध्ये बसलेल्या फायनान्सवाल्याने भाऊंना सांगितले, “फक्त दहा टक्के व्याज.” भाऊ कागद घेऊन माझ्याकडे आले. दहा टक्के फ्लॅट होते. फ्लॅट म्हणजे काय, तर तीनही वर्षे पूर्ण साठ हजारांवर व्याज, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. वर्षाला सहा हजार, तीन वर्षांचे अठरा हजार, हप्ता २,१६७ रुपये. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या पद्धतीने मोजले तर हाच दर जवळजवळ अठरा टक्के पडतो! उलट, खरोखर दहा टक्के दराने घटत्या मुद्दलावर कर्ज मिळाले तर हप्ता १,९३६ रुपये आणि एकूण व्याज ९,७०० च्या आसपास. फरक आठ हजार तीनशेचा. मुलीची वर्षाची पुस्तके, गणवेश आणि एक चांगले हेल्मेट त्यात बसते. भाऊंनी कामगारांच्या पतपेढीतून घटत्या मुद्दलावर कर्ज काढले. तेव्हा फायनान्सवाल्याला एकच प्रश्न विचारा, “फ्लॅट की रिड्युसिंग?” तो घुटमळला तर उठून या. आणि शेवटचा हप्ता फिटला की ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला विसरू नका. पुष्कळ जण विसरतात, आणि गाडी विकताना धावपळ करतात.

हेल्मेटबद्दल आपल्या तरुणांना सांगितलेले आवडत नाही हे मला ठाऊक आहे. केस बिघडतात म्हणे. भीमजयंतीच्या रॅलीत निळे झेंडे लावून तिघे-तिघे एका गाडीवर बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. आयएसआय खुणेचे हेल्मेट घ्या, आणि दोन घ्या. कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि डोके तर तिचेही तेवढेच नाजूक असते. लायसन नसलेल्या, अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाच्या हातात चावी द्यायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पहिले हजार किलोमीटर गाडी ताणायची नसते, म्हणून भाऊंनी तेवढी मर्यादा पाळली. पहिली सर्व्हिसिंग झाली आणि एका रविवारी नवरा-बायको पहाटेच येवल्याला निघाले. निफाड, विंचूर करत ऐंशीएक किलोमीटर. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जिथे धर्मांतराची घोषणा केली ते हे गाव. वहिनींनी येवला यापूर्वी दोनदा पाहिले होते, दोन्ही वेळा ट्रकमध्ये उभ्याने, वस्तीच्या गर्दीत. या वेळी वाटेत वाटेल तिथे थांबल्या. विंचूरच्या अलीकडे शेताच्या बांधावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. मुक्तिभूमीवर तासभर बसल्या. “ट्रक सुटायची घाई नव्हती ना भाऊजी,” मला सांगत होत्या, “पहिल्यांदाच नीट बघितलं.”

येताना निफाडच्या पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा त्यांनी विचारले, “मला शिकवता का?” भाऊ आधी हसले. मग म्हणाले, “गिअरची गाडी आहे, जड जाईल.” वहिनी म्हणाल्या, “पाण्याचे दोन हंडे एकावर एक घेऊन जिना चढते मी.” यावर भाऊंना काही उत्तर सुचले नाही. सध्या रोज सकाळी सहा वाजता मैदानावर क्लच सोडण्याचा सराव चालू आहे. गाडी दोनदा बंद पडते, तिसऱ्यांदा निघते. शिकाऊ लायसन निघाले आहे, पक्क्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.