वडसा ते भामरागड : कानाला लागलेली नवी गाणी

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया भरू लागतात आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतात, त्या होळीपर्यंत थांबत नाहीत. मागच्या हिवाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या एका गावात पहाटे तीनला मंडपात बसलो होतो. दव एवढं, की ऑक्टोपॅडवाल्या पोरानं अंगावरचा दुपट्टा काढून वाद्यावर पांघरला होता. गाणं आलं की दुपट्टा बाजूला, संवाद सुरू झाला की पुन्हा वर. हिरॉइन रडत होती, तिच्यामागे ऑर्गन रडत होता, आणि या पोरानं त्या जागी एकही ठोका दिला नाही. अंक पडल्यावर त्याला चहा पाजला आणि मोबाइलमधली माझी गाणी ऐकवली. त्याचं मत शेवटी सांगतो.

शहरातली मुलं ज्याला 'इंडी' म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, आपल्या हिमतीवर केलेलं संगीत, ते आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या नाटकवेड्या मुलखाला, नवीन नाही. गावातलं मंडळ कंपनीशी तारीख ठरवतं, तिकिटं विकतं, लोक रात्रभर बसतात. आवडलं तर पुढच्या वर्षी बोलावतात, नाही तर नाही. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी म्हणजे काय ते वाचकांना समजावून सांगावं लागलं. इथल्या माणसाला कौतुक वाटलं, आणि थोडं हसूही आलं. या कानांनी नवं ऐकायचं, एवढीच या लेखाची अट.

पहिली शिफारस मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'ची. तुकोबांचे अभंग, पण बास गिटार आणि ड्रम्सवर. माझी एक तक्रार आहे: काही ठिकाणी गिटार जरा जास्तच गोड वाजते, अभंगातला खडा आवाज त्यात विरघळतो. पण बास जिथे मृदंगाच्या जागी येऊन बसतो तिथे मान डोलतेच. आम्हा लोकांचं मोजमाप मात्र थोडं कडक आहे. कारण चिमूरजवळच्या गोंदेड्याला तपाला बसलेले तुकडोजी महाराज नुसत्या खंजिरीवर गात, आणि त्या भजनांनी पेटलेलं चिमूर 16 ऑगस्ट 1942 रोजी इंग्रजांविरुद्ध उठलं. अमेरिकेत गिटार घेऊन निषेधाची गाणी म्हणणारा बॉब डिलन तेव्हा सव्वा वर्षाचा होता. आजही सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या समोर मांडून कीर्तन करतात. त्यांचे हात एकदा जवळून बघा. ड्रमरला पायानं वाजवायला पेडल लागतं, इथे मनगट आणि बोटांवरच सगळा कारभार.

दुसरी वाट दीक्षाभूमीवरून जाते. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी तिथे मेळा भरतो, आणि मेळ्यातल्या कॅसेटच्या, मग सीडीच्या, आता पेनड्राइव्हच्या दुकानांवरच आमच्यातल्या कित्येकांचं संगीतशिक्षण झालं. कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात तेव्हा मागे दुसरं काही नसलं तरी चालतं; मी तर म्हणेन, नसलेलंच बरं. त्यांच्यानंतर कबीर शाक्य यांचा 'धम्म विंग्ज' ऐका. 2011 मध्ये मुंबईत उभा राहिलेला हा आंबेडकरी रॉक बँड. विद्युत गिटार आणि भीमगीत यांचं जमेल का, ही शंका पहिल्या दोन गाण्यांत मिटते. मग चेन्नईचा 'कास्टलेस कलेक्टिव्ह' लावा. तमिळ कळत नाही म्हणून सोडू नका. गाना या वस्तीतल्या गाण्याला त्यांनी रॉक आणि रॅपची जोड दिली आहे, आणि त्यातला संताप कळायला शब्दकोश लागत नाही.

'स्वदेशी' या मुंबईच्या रॅप गटाचं 'द वारली रिव्होल्ट' 2019 मध्ये आलं. आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात गातात. ज्यांच्या जमिनीखाली कोळसा आहे किंवा सुरजागडसारखं लोखंड आहे, त्यांना जंगल-जमिनीच्या या गाण्याचा विषय समजावून सांगायची गरज नाही. मी ते पहिल्यांदा बल्लारपूरच्या रस्त्यावर, कोळशाच्या ट्रकमागे अडकून पडलो असताना ऐकलं. दोनदा ऐकून झालं तरी ट्रक तिथेच.

आता रेला, म्हणजे माडिया गोंडांचं नाचगाणं. आलापल्लीपासून पुढे भामरागडकडे निघालात की मोबाइलची रेंज जाते, म्हणून खालची गाणी आधीच उतरवून घ्या. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे मिळतात त्या माडियांच्या मुलखात पोरं-पोरी हातात हात गुंफून अर्धवर्तुळ धरतात. एक बाजू ओळ टाकते, दुसरी उचलते, पावलं आडवी सरकत राहतात. तासभर चाल बदलत नाही, आणि कंटाळाही येत नाही. हे का, ते मला बाहेरच्या तीन गाण्यांनी उलगडून दाखवलं.

एक, अरुणाचलचा ताबा चाके. न्यिशी ही त्याची मायबोली. तिच्यात तो गिटारवर इतक्या निवांतपणे गातो, की भाषा लहान आहे हे विसरायला होतं. माडियात असं कोणी गिटार धरली तर मी पहिल्या रांगेत बसेन. दोन, अमेरिकेची एड्रियन लेंकर. 2020 च्या वसंतात मॅसॅच्युसेट्समधल्या जंगलातल्या एका खोलीत टेपवर रेकॉर्ड केलेला तिचा 'साँग्ज' हा अल्बम. गिटारच्या मागे पाखरं ऐकू येतात आणि कुणी ती पुसून टाकलेली नाहीत. आमच्याकडे कुणी रेला रेकॉर्ड केला की आधी त्यात कीबोर्ड घुसवतात, मागची रातकिड्यांची किरकिर काढतात, आणि मग म्हणतात, मजा नाही आली.

तीन, सहाराच्या वाळवंटातले तुआरेग वादक, 'तिनारिवेन'. बँड जुना आहे, पण 2011 चा 'तासिली' आमच्याकडे अजून फारसा कुणी ऐकलेला नाही. अल्जीरियाच्या वाळवंटात तंबू ठोकून त्यांनी तो रेकॉर्ड केला. एक गातो, बाकीचे उचलतात, टाळ्या चालू. रेलासारखंच, तासभर एका जागी फिरणारं. रेला आणि 'तासिली' पाठोपाठ लावून बघा, मधे गाडी थांबवू नका.

परत आपल्याकडे यायचं, तर भामरागडच्या सरहद्दीपलीकडे, छत्तीसगडात, अनुप रंजन पांडे यांचा 'बस्तर बँड' आहे. बस्तरची विस्मरणात चाललेली वाद्यं आणि ती वाजवणारी माणसं त्यांनी एका मंचावर आणली. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंद्रावतीच्या अलीकडच्या काठावर असा कुणी बँड अजून मला दिसला नाही. रेलाची चांगली रेकॉर्डिंगं शोधायला बसलो की लग्नातले हलणारे मोबाइल व्हिडिओच जास्त हाती लागतात. त्यातही एखादं रत्न निघतं, पण पंचवीस हलणाऱ्या डोक्यांमधून बघावं लागतं.

तर त्या पहाटे मी ऑक्टोपॅडवाल्याला 'तासिली'च ऐकवलं होतं. इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. गुडघ्यावर दोन बोटांनी तो ठेका धरत गेला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वाजवते तं मस्त जी. पण यांचा पडदा कवा पडते?" तेवढ्यात तिसऱ्या अंकाची घंटा झाली. त्यानं इयरफोन माझ्या हातात दिला आणि दुपट्टा झटकत स्टेजकडे पळाला.