नाव सांगताना : जाकिटाच्या पाठीवरचा शब्द

लेस्बियन बायकांच्या बोलीतल्या ‘बुच’ आणि ‘फेम’ या जोडीबद्दल आज लिहीन असं मागच्या आठवड्यात म्हटलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. सांगलीहून एका बाईंचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना. बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. लिहितात, ‘तुम्ही डाईक हा शब्द चार वेळा अगदी सहज लिहिलात. मी कोश काढून पाहिला. ती तर लेस्बियन बाईला घालायची शिवी आहे. आपल्याला घातलेली शिवी कुणी बाई आपणहून अंगावर का मिरवील?’

हाच प्रश्न अमेरिकेत एका सरकारी कचेरीनेही विचारला होता, आणि बायकांना त्याचं उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागलं होतं. ती हकिगत माझ्या फार आवडीची आहे.

१९७६ सालचा जून महिना. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मिरवणुकीत पंचवीसेक बायका आपापल्या मोटारसायकली घेऊन आल्या आणि अगदी तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढे उभं राहायचं कारण व्यवहाराचं होतं. माणसाच्या चालीने मोटारसायकल हाकली की इंजिन तापतं आणि तोल सांभाळता सांभाळता हात भरून येतात. पाडव्याच्या शोभायात्रेत जिने बुलेट चालवली आहे, तिला हे सांगायला नको. त्यांच्यातल्याच एकीला ‘डाईक्स ऑन बाइक्स’ हे यमक सुचलं, एका वर्तमानपत्राने ते छापलं आणि नाव कायमचं चिकटलं. तेव्हापासून तिथली मिरवणूक त्यांच्या इंजिनांच्या आवाजाने सुरू होते, आणि बिनबाह्यांच्या जाकिटांच्या पाठीवर तो शब्द असतो.

तो शब्द म्हणजे ‘डाईक’. हा शब्द मुळात आला कुठून, याचा कोशकारांनाही नक्की पत्ता लागलेला नाही. पण तो फक्त शिवी म्हणून जगला असंही नाही. लुसिल बोगन या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेने १९३५मध्ये ‘बी. डी. वुमन’वर गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या दोन आद्याक्षरांमागे हाच शब्द दडलेला आहे, असं मानतात. म्हणजे रस्त्यावर तो दगडासारखा फेकला जात होता, त्याच काळात गाणाऱ्यांच्या तोंडीही होता.

२००३मध्ये या मोटारसायकलवाल्या बायकांनी आपलं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला अर्ज केला. गटाशी काडीचा संबंध नसलेली एक बाई याच नावाने कपडे विकायच्या बेतात आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. कचेरीने अर्ज फेटाळला. कोणत्याही समूहाची मानहानी करणारं चिन्ह नोंदवायचं नाही, असं १९४६चा कायदा सांगत होता. कोशात शब्दापुढे ‘अपमानकारक’ असा शेरा होता. अधिकाऱ्यांनी कोश उघडला, शेरा वाचला आणि निकाल दिला. ज्यांचा मान राखायचा म्हणून हा निकाल दिला, त्याच बायका समोर अर्ज धरून उभ्या होत्या.

मग त्यांनी पुरावे गोळा केले. भाषेच्या अभ्यासकांची, इतिहासकारांची प्रतिज्ञापत्रं जोडली. सांगण्यासारखं भरपूर होतं. ॲलिसन बेक्डेलची चित्रमालिका हाच शब्द शीर्षकात घेऊन १९८३पासून चालू होती. १९९३च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘डाईक मार्च’ निघाला, त्यात सुमारे वीस हजार बायका चालल्या होत्या. इतक्या जणी ज्या नावाखाली चालतात, ते नाव त्यांचा अपमान कसं करील? २००५च्या डिसेंबरात कचेरीने माघार घेतली. त्यावर एका पुरुषाने हरकत घेतली, की हा शब्द पुरुषांची मानहानी करतो! तुमचं यात काय बिघडतं, असं विचारून २००७मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला परत पाठवलं. पुढे २०१७मध्ये ‘द स्लँट्स’ या आशियाई-अमेरिकी वाद्यवृंदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानहानीचं ते कलमच रद्द केलं. ‘स्लँट्स’ हे नावही असंच, डोळ्यांच्या ठेवणीवरून आशियाई माणसांना चिडवायच्या शब्दावर उभं आहे. त्या खटल्यात या मोटारसायकलवाल्या बायकांनी पाठिंब्याचं निवेदन दिलं होतं.

पण बाई, कज्जा जिंकला म्हणून शब्द धुऊन निघाला असं समजू नका. जाकिटावर तो मिरवणारीच रात्री रस्त्याने एकटी चालली असेल आणि शेजारून जाणाऱ्या गाडीतून कुणी तोच शब्द ओरडलं, तर तिच्या पोटात गोळा येतो. शब्दाला अजून धार आहे, म्हणून तर तो पाठीवर लिहिण्यात काही अर्थ आहे. कचेरी शब्दाचा अर्थ शोधत बसली. तो कोण कुणाला म्हणतंय, हे तिने पाहायला हवं होतं.

आणि सगळ्याच जणींना हा शब्द हवा आहे, असंही नाही. ज्यांनी तरुणपणी पोलिसांच्या धाडीत तो ऐकला, त्यांच्यातल्या कित्येकींनी जन्मात तो उच्चारला नाही. त्यांना भित्र्या म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. १९५५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही लेस्बियन बायकांची संघटना निघाली, तेव्हा ऐकणाऱ्याला काही कळू नये असंच नाव शोधलं होतं. १९५६पासून त्यांचं ‘द लॅडर’ हे मासिक निघू लागलं, पण त्याच्या मुखपृष्ठावर ‘लेस्बियन’ हा शब्द यायला १९६४ उजाडलं. शिवी नव्हे, साधा शब्द, आणि त्यालाही आठ वर्षं लागली. जपानमध्ये तर याच शब्दाचे दोन तुकडे झाले. ‘रेझु’ हा पुढचा तुकडा हेटाळणीचा आणि पुरुषांसाठीच्या अश्लील चित्रफितींचा म्हणून बायकांनी तो टाकला आणि मागचा ‘बिअन’ आपल्यासाठी ठेवून घेतला.

पत्रात शेवटी विचारलं आहे, ‘हे आपल्या दलित शब्दासारखंच ना?’ मला ते तसं वाटत नाही. ‘दलित’ ही कुणी घातलेली शिवी नव्हती. दुसऱ्यांनी दिलेलं ‘हरिजन’ नाकारून तो शब्द विचारपूर्वक निवडला गेला आणि १९७२मध्ये पँथरने तो गर्जून सांगितला. ती जातकुळी ‘द लॅडर’च्या मुखपृष्ठाची. ‘डाईक’ची नव्हे.

मग मराठीत काय? ‘समलिंगी’ हा शब्द मला अहवालातला वाटतो. कुठल्याही बाईला मी स्वतःबद्दल तो घरगुती बोलण्यात वापरताना ऐकलेलं नाही. मुंबईत १९९५मध्ये निघालेल्या गटाचं नाव होतं ‘स्त्री संगम’. कुणाच्याही देखत घ्यावं असं, बिलिटिसच्या वळणाचं नाव. पुढे तोच गट ‘लाबिया’ या नावाने उघडपणे उभा राहिला, आणि त्या नावाच्या आद्याक्षरांत ‘लेस्बियन’ आहे. पण आपल्या बोलीत काय आहे? माझी एक मैत्रीण मूळची कराडची. तिच्या घरी अशा बाईला शब्दच नव्हता. मोठी माणसं आवाज खाली आणून एवढंच म्हणायची, ‘ती तसली आहे.’ नाव नाही, नुसतं सर्वनाम. आज चाळीस वर्षांनी ती आणि तिची जोडीदारीण कुणाची ओळख करून देताना सांगतात, ‘ही आपल्यातली. तशीच.’ ‘तसली’मधला लकार त्यांनी काढून टाकला आहे. मराठी कानाला त्याने केवढा फरक पडतो, ते सांगलीच्या बाईंना मी काय सांगावं?

माझ्या मते मराठीत परत मिळवलेला शब्द शोधायचा, तर तो इथे आहे.

पण मला माहीत आहे ते पुणे, मुंबई आणि कराडकडचं. विदर्भात, कोकणात, गोव्यात, मराठवाड्यात अशा बाईबद्दल काय म्हणायचे, कोण म्हणायचं, कोणत्या सुरात, आणि त्यांच्यापैकी कुणी तो शब्द स्वतःसाठी वापरला का, ते मला कळवा. नावं-गावं लिहू नका, नुसता शब्द पाठवा. ‘बुच’ आणि ‘फेम’ पुढच्या आठवड्यात नक्की.