जपानच्या स्वप्ननगरीत रांगेचे गणित

टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनची लोकल पंधराएक मिनिटांत माइहामा स्टेशनवर येते. सकाळचे आठही वाजलेले नसतात, पण दार उघडताच डब्यातली बरीचशी माणसे इथेच उतरतात. एकसारखे कपडे घातलेल्या कॉलेजकन्यका, बाबागाडी ढकलणारे तरुण आईबाप आणि डोक्यावर मिकी माऊसचे कान लावलेले साठीचे आजोबासुद्धा! कोणी धावत नाही, कोणी कोणाला ढकलत नाही, पण सगळेच झपझप चालत असतात. का, ते प्रवेशद्वारापाशी पोहोचल्यावर कळते. तिथे आधीच शेकडो माणसे शिस्तीत उभी असतात. दार उघडायला अजून तासभर अवकाश असला तरी!

टोकियो डिस्नेलँड नावाला टोकियोचे. प्रत्यक्षात ते शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू या गावात, समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर उभे आहे. १५ एप्रिल १९८३ रोजी ते सुरू झाले, तेव्हा अमेरिकेबाहेरचे ते पहिलेच डिस्नेलँड होते. २००१ साली त्याच्या शेजारी डिस्नेसी हे दुसरे उद्यान आले आणि त्याच वर्षी ओसाकात युनिव्हर्सल स्टुडिओज जपान सुरू झाले. जपानच्या सहलीला निघालेल्या भारतीय कुटुंबाच्या कार्यक्रमात यांपैकी एक तरी ठिकाण असतेच, कारण सहलीला मुलांनी होकार दिलेला असतो तो मुळी याच ठिकाणासाठी.

अडचण अशी की, त्यासाठी दिवस मिळतो एकच. टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथून ही उद्याने अगदी जवळ. आज जमले नाही तर पुढच्या महिन्यात जाऊ, असे त्यांना म्हणता येते. नागपूर, इंदूर किंवा बडोद्याहून काही लाख रुपये खर्चून गेलेल्या कुटुंबाला ती मुभा नसते. मग दुपारी दोनपर्यंत जेमतेम दोन राइड्स पदरात पडलेल्या असतात, धाकटा रडकुंडीला आलेला असतो, आजींचे पाय सुजलेले असतात आणि आईबाबा एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात. हे टाळता येते. मात्र त्याची तयारी उद्यानाच्या दारात नव्हे, घरी करावी लागते.

धीर आणि लांब साप

जपानी माणसाला रांगेचे वावडे नाही. १९७० साली ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरले होते. सहा महिन्यांत सहा कोटी बेचाळीस लाख लोक आले. अमेरिकेच्या दालनात चंद्रावरून आणलेला दगड ठेवला होता आणि तो बघायला लोक तासन्‌तास उभे राहत. प्रदर्शनाचे ब्रीदवाक्य होते ‘मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद’, जपानीत ‘शिंपो तो चोवा’. लोकांनी गमतीने त्याचे ‘शिंबो तो चोदा’ करून टाकले, म्हणजे ‘धीर आणि लांब साप’. हा लांब साप अर्थातच रांग! कुरकुर करायचीही ती रांगेत उभे राहूनच, असा हा समाज.

म्हणून आपल्याकडच्या काही सवयी तिथे चालत नाहीत. बाबा रांगेत उभे राहणार, बाकीची मंडळी खरेदी करून येणार आणि नंबर जवळ आला की ‘आम्ही यांच्याबरोबर आहोत’ म्हणत आत शिरणार, हा प्रकार तिथे बसत नाही. एकाने सर्वांसाठी जागा धरणे डिस्नेच्या नियमांत मान्य नाही. कोणी ओरडणार नाही, भांडणार नाही, पण कर्मचारी नम्रपणे मागे जायला सांगेल आणि भोवतीच्या माणसांच्या नजरा जे सांगायचे ते सांगतील. लहान मुलाला मध्येच बाथरूमला न्यावे लागले तर जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून जावे. त्यापेक्षा रांगेत शिरण्यापूर्वी सर्वांनी जाऊन येणे चांगले. पुढचा दीडदोन तास मग चिंता नाही.

रांग लांबली की तिच्या अगदी शेवटी एक कर्मचारी फलक घेऊन उभा असतो. फलकावर लिहिलेले असते ‘साइकोबी’, म्हणजे रांगेचे शेपूट. जपानी येत नसले तरी हा एक शब्द लक्षात ठेवावा. पॉपकॉर्नच्या गाडीपासून राइडपर्यंत सगळीकडे तो उपयोगी पडतो. होय, पॉपकॉर्नलाही रांग असते! वेगवेगळ्या गाड्यांवर वेगवेगळ्या चवी मिळतात आणि आवडीच्या चवीसाठी लोक खुशाल अर्धा तास उभे राहतात. आपण उभे राहायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

तारीख कशी निवडावी?

आपल्या मुलांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत. एप्रिलच्या शेवटी जपानचा ‘गोल्डन वीक’ सुरू होतो. २९ एप्रिलची एक सुट्टी आणि मग ३, ४ व ५ मे अशा लागोपाठ तीन. मधल्या दिवसांच्या रजा टाकून सारा जपान घराबाहेर पडतो. या आठवड्यात उद्यानात जाणे म्हणजे गर्दी बघायला जाणे. त्यापेक्षा मेचा दुसरा आठवडा उलटल्यावर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा. मार्चच्या शेवटी जपानी शाळांचे वर्ष संपते, तेव्हाही अशीच झुंबड असते. ऑगस्टच्या मध्यात ओबोन हा पितरांचा सण येतो. त्या वेळी गर्दी आणि उकाडा दोन्ही छळतात.

ट्रॅव्हल एजंट सहसा सांगत नाही अशीही एक गोष्ट आहे. जपानच्या काही प्रांतांचे स्वतःचे ‘प्रांतदिन’ असतात आणि त्या दिवशी तिथल्या सरकारी शाळांना बहुधा सुट्टी असते. चिबाचा १५ जून, टोकियोचा १ ऑक्टोबर, इबाराकीचा १३ नोव्हेंबर, साइतामाचा १४ नोव्हेंबर. हे चारही प्रांत डिस्नेच्या आसपासचे. म्हणजे कॅलेंडरवर साधा बुधवार दिसतो आणि प्रत्यक्षात पोरांचा पूर लोटलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या या दोन तारखा आधीच वहीत लिहून ठेवाव्यात.

एवढे पाठ करायचे नसेल तर एक सोपी युक्ती आहे. टोकियो डिस्नेच्या तिकिटाची किंमत दिवसागणिक बदलते. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्यांचे एका दिवसाचे तिकीट ७,९०० ते १०,९०० येनांच्या दरम्यान आहे. कमी दर म्हणजे कमी गर्दीची अपेक्षा, हे कंपनीनेच केलेले भाकीत! स्वस्त दिवस शोधला की पैसेही वाचतात आणि पायही. तिकीट मात्र इंटरनेटवर आधीच काढावे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही.

आणि पाऊस? जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथला पावसाळा असतो. पावसाच्या दिवशी मिरवणुका रद्द होतात, पण रांगा आखडतात. मुंबई-कोकणातल्या माणसाला त्या पावसाचे काय कौतुक? रेनकोट घालून निघावे.

सकाळचे दोन तास

समजा, एका राइडमध्ये तासाला दीड हजार माणसे बसतात. सकाळी नऊला तिथे पाचशे माणसे आली, तर शेवटच्याला वीस मिनिटे थांबावे लागेल. पुढे दर तासाला अडीच हजार येत राहिली, तर दर तासाला हजार माणसे शिल्लक राहणार. अकरा वाजता त्याच दाराशी दीडदोन तासांची रांग दिसते ती यामुळे. राइड तीच, माणसेही तीच, फरक फक्त आपण कधी पोहोचलो याचा. हॉटेलातला फुकटचा नाश्ता सावकाश करून दहाला पोहोचणाऱ्या कुटुंबाने त्या नाश्त्याची फार मोठी किंमत मोजलेली असते.

म्हणून उद्यान उघडण्यापूर्वी तासभर तरी दारात असावे आणि आत गेल्यावर सर्वांत मागणी असलेली राइड पहिल्यांदा उरकावी. दारातच फोटो काढत बसू नये. किल्ला संध्याकाळीही तिथेच असतो! ओसाकाचे युनिव्हर्सल अनेकदा जाहीर वेळेआधीच दार उघडते. तिथल्या सुपर निन्टेन्डो वर्ल्ड या भागात गर्दीच्या दिवशी ठरावीक वेळेचे प्रवेशपत्र असल्याशिवाय जाता येत नाही. ते मोबाइलवरच्या ॲपमधून घ्यायचे असते. त्यामुळे फोनवर इंटरनेट चालू असणे ही आता चैन राहिलेली नाही.

पैसे टाकून पुढे जावे का?

डिस्नेने १९९९ साली अमेरिकेत ‘फास्टपास’ आणला आणि लवकरच तो टोकियोतही आला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, त्यावरच्या वेळेला परत यायचे, पैसे नाहीत. तो आता इतिहासजमा झाला. मे २०२२ पासून टोकियोत ‘प्रीमियर ॲक्सेस’ सुरू झाला. एका राइडसाठी माणशी साधारण १,५०० ते २,५०० येन मोजायचे आणि छोट्या रांगेतून आत जायचे. हा पास उद्यानात शिरल्यावरच ॲपवर घेता येतो. काही राइड्ससाठी २०२३ साली मोफत पासही सुरू झाला. कोणत्या राइडला कोणता पास, हे बदलत असते. तेव्हा जाण्याच्या आठवड्यात ॲप जरूर बघावे.

देवस्थानातल्या पेड दर्शनाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना यात नवे काही नाही. फक्त हिशेब नीट करावा. चौघांचे कुटुंब आणि दोन हजारांचा पास म्हणजे एका राइडचे आठ हजार येन. तेवढ्यात एका मोठ्या माणसाचे दिवसभराचे तिकीट येते. सर्वांच्या सर्वांत आवडत्या एकाच राइडसाठी तो घेणे शहाणपणाचे. चार-पाच राइड्ससाठी घेतला तर मुलांची हौस होते, पण पुढच्या मुक्कामावर काटकसर सुरू होते. युनिव्हर्सलचा ‘एक्स्प्रेस पास’ आणखी महाग, बऱ्याचदा प्रवेशाच्या तिकिटापेक्षाही. तो आधीच विकत घ्यावा लागतो आणि गर्दीच्या दिवसांचे पास लवकर संपतात.

मुले आणि वडीलधारी

सर्वांत वाईट क्षण रांगेच्या शेवटी नव्हे, तर उंचीच्या पट्टीजवळ येतो. दीड तास उभे राहून पोराला कळते की आपण तीन सेंटिमीटर बुटके आहोत! बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर उंची लागते, डिस्नेसीतल्या जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थला ११७, तर युनिव्हर्सलच्या हॅरी पॉटरच्या मुख्य राइडला १२२. निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करावी आणि कुठे बसता येणार नाही, हे मुलाला घरीच सांगावे. तिथे बसतो तितका धक्का इथे बसत नाही.

मूल बसू शकत नसेल तर आईबाबांनी आळीपाळीने बसण्याची सोय अनेक राइड्सवर असते. एकदाच रांग लावायची, आधी एकाने बसायचे, मग दुसऱ्याने. दारावरच्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच विचारावे.

आजी-आजोबांना प्रत्येक रांगेत ओढू नये. मिरवणूक सुरू होण्याच्या तासभर आधी लोक रस्त्याकडेला चटई अंथरून बसतात. आपणही घरून एक पातळ चटई न्यावी आणि त्यांना तिथे सोबतीने बसवावे. ही एक रांग अशी आहे की जी बसून लावता येते.

जेवणाचे मात्र शाकाहाऱ्यांना जड जाते. साध्या वाटणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. डिस्नेत घरचा डबा आत नेता येत नाही, पण दाराबाहेर पिकनिकसाठी जागा ठेवलेली आहे. ठेपले, दशम्या तिथे बसून खाता येतात. पुन्हा आत येण्याची पद्धत मात्र दारावर विचारूनच बाहेर पडावे. युनिव्हर्सलच्या साध्या तिकिटावर एकदा बाहेर पडले की परत प्रवेश नाही. जेवायला सर्वांबरोबर साडेबाराला न जाता अकरालाच जावे.

जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा. फक्त एक गोष्ट बघता आली तर कोणती? चौघांच्या चार गोष्टी झाल्या की यादी बंद. उद्यानात तीसहून अधिक राइड्स आहेत म्हणून तीसही करायला गेलात, तर एकीचाही आनंद मिळत नाही.

रात्री रोषणाईची मिरवणूक सुरू झाली की राइड्सच्या रांगा ओसरतात. मुलांना हवी असलेली एखादी राइड राहिली असेल तर ती वेळ साधावी. दिवस संपला की पुन्हा एक रांग असते ती माइहामाच्या फलाटावर. सगळे एकदमच निघतात. बंद होण्याच्या अर्धा तास आधी बाहेर पडावे, नाहीतर दारातल्या बाकावर वीस मिनिटे बसून गर्दीला पुढे जाऊ द्यावे. खांद्यावर झोपलेले मूल असेल तर लोकलमध्ये बसायला जागा मिळणे फार महत्त्वाचे!