स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर : आहाराचे माप आणि मनातील चिंता

पानात वाढलेले अन्न टाकू नये, ही शिकवण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आहे. शाळेत मुले जेवावयास बसली म्हणजे गुरुजीही हेच सांगतात. अन्नाची नासाडी टळावी या दृष्टीने ती योग्यच होय. परंतु स्थूलता कमी करण्यासाठी ज्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यापुरता हा नियम बाजूस ठेवावा लागतो. पान संपविण्याच्या हट्टाने घेतलेला एखादा जादा घास अशा व्यक्तीला छातीत कळ, मळमळ आणि वांती इथपर्यंत नेऊ शकतो.

ही शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे काही दिवसांनी आपल्या गावी परततात आणि शाळेत, कचेरीत किंवा शेतीच्या कामावर पुन्हा रुजू होतात. त्यांचे चार चमच्यांचे जेवण पाहून घरच्यांना व सहकाऱ्यांना धास्ती वाटते. खुद्द त्या व्यक्तीलाही वाटतेच. तथापि ही धास्ती पुष्कळदा नको त्या ठिकाणी असते, आणि जेथे खरोखर सावध राहावयाचे तेथे मात्र बेफिकिरी आढळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले. या सर्वांना शस्त्रक्रियेची गरज असते असे मुळीच नव्हे. आहार, व्यायाम व औषधे यांचा पुरेसा उपयोग न होता मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांसारख्या विकारांनी ग्रासलेल्या अतिस्थूल व्यक्तींसाठी तो उपाय आहे.

जठरात काय बदलते ?

या उपचाराचा उगम एका निरीक्षणात आहे. जठरातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा काही भाग काढला जाई, त्या रुग्णांचे वजन पुढे वाढत नसे, ही गोष्ट अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आली. १९६६ साली त्यांनी स्थूलतेवर ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. सध्या अधिक प्रमाणात केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक राहते.

जागा कमी झाली म्हणून जेवण कमी झाले, एवढाच याचा अर्थ नाही. भूक चेतविणारा ‘घ्रेलिन’ हा अंतःस्राव १९९९ मध्ये जपानी संशोधक मासायासु कोजिमा व केंजी कांगावा यांनी शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात तयार होतो, तोच भाग स्लीव्ह शस्त्रक्रियेत निघून जातो. साहजिकच पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. ‘जेवणावरची वासनाच उडाली’ असे सांगत रुग्ण घाबरून जातो. परंतु ही शस्त्रक्रियेची अपेक्षित परिणती असते.

चमच्यापासून वाटीपर्यंत

पहिले एक-दोन दिवस केवळ पाणी, निवळ सूप असे पदार्थ घोटाघोटाने दिले जातात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले वरण यांसारखा पातळ आहार, पुढचे दोन आठवडे घोटून मऊ केलेले अन्न, मग मऊ शिजविलेले पदार्थ, आणि साधारणपणे दोन महिन्यांच्या सुमारास नेहमीचे जेवण, असा हा क्रम असतो. रुग्णालयानुसार त्यात थोडाफार फरक पडतो. आपल्या शल्यविशारदाने दिलेला तक्ता हाच प्रमाण मानावा.

घट्ट अन्न सुरू होते तेव्हा एका वेळचे जेवण चार-सहा चमच्यांत आटोपते. तीन-चार महिन्यांनी अर्धी-पाऊण वाटी जाऊ लागते. वर्ष उलटल्यावर बहुतेकांना एक ते दीड वाटी अन्न सुखाने खाता येते. माप घेण्यासाठी तराजूची आवश्यकता नाही. घरातील एक लहान वाटी व एक चहाचा चमचा या कामासाठी कायमचे ठरवून घेतले, आणि मोठ्या ताटाऐवजी बशीत वाढून घेतले, की पुरते. चार घास मोठ्या ताटात कोपऱ्यात पडलेले दिसले, तर मन उपाशीच राहते.

मापाइतकेच क्रमालाही महत्त्व आहे. प्रौढ व्यक्तीला या काळात दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे तज्ज्ञ सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. हे आकडे पाहिले म्हणजे लहानशा वाटीत काय घालावयाचे याचा उलगडा होतो. प्रथम दाट वरण, उसळ, अंडे, पनीर किंवा मासळी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात किंवा भाकरी, असा उलटा क्रम धरावा लागतो. आपल्याकडे भात-पोळीने पोट भरावयाचे आणि वरण-भाजी तोंडी लावावयाची, ही रीत आहे. नेमकी तीच येथे नडते. शिवाय मऊ पोळी, पाव आणि गिच्च भात यांचा गोळा होऊन तो अरुंद नळीत अडल्यासारखा वाटतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. उपवासाच्या साबुदाण्यात तर प्रथिनांचा अंश नगण्यच असतो. उपवास करावयाचाच असेल तर तो डॉक्टरांना विचारून, आणि दूध, दही, पनीर यांच्या आधारानेच करावा.

जेवण २० ते ३० मिनिटे चालावे, घास बारीक चावून गिळावा, जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट पाणी घ्यावे. दिवसभरात मात्र किमान दीड लिटर द्रव पोटात गेलेच पाहिजेत. पहिल्या आठवड्यांत रुग्णाला पुन्हा रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येते ती कित्येकदा पाणी कमी पडल्यामुळे. गोड पदार्थांविषयीही जपून राहावे. विशेषतः बायपासनंतर जिलबी, बासुंदी यांसारखे पदार्थ वेगाने आतड्यात उतरून धडधड, घाम, पोटात मुरडा व जुलाब असा त्रास उद्‌भवतो. त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. तो भयावह वाटला तरी बहुधा काही वेळाने ओसरतो आणि गोड टाळल्यास सहसा होत नाही.

दोन परस्परविरोधी भीती

पहिल्या सहामाहीतील भीती असते ती ‘इतक्या कमी अन्नावर माणूस जगणार कसा ?’ ही. प्रथिने, पाणी आणि ठरवून दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या नियमाने जात असतील, तर उरलेली ऊर्जा शरीर आपल्याच साठलेल्या चरबीतून घेते. किंबहुना त्यासाठीच तर शस्त्रक्रिया केलेली असते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात, तेव्हा ही भीती पुन्हा उफाळते. वेगाने वजन घटले की असे होते आणि पुढे केस बहुधा पूर्ववत येतात. प्रथिने व लोह कमी पडत नाही ना, एवढे पाहावे.

वर्षभराने नेमकी उलटी भीती सुरू होते. काल चार चमच्यांत तृप्त होणारा माणूस आज वाटीभर खातो, वजनाचा काटा काही आठवडे हलत नाही, किंवा दोन-तीन किलो वाढही दाखवितो. ‘जठर पुन्हा मोठे झाले, सारा खर्च पाण्यात गेला’ असे त्याच्या मनाने घेतले जाते. काही जण या अपराधी भावनेने तपासणीस जाणेच सोडून देतात, आणि खरे नुकसान तेथे होते.

या भीतीला स्वीडनमधील अनुभव हे चांगले उत्तर आहे. तेथे १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे १२० किलो वजनाची व्यक्ती ८२ किलोपर्यंत उतरून कालांतराने ९० किलोवर स्थिरावली, तर ती या सरासरीतच आहे. जखमेची सूज उतरते, नळी थोडी सैल पडते, चावून खाण्याची सवय होते, म्हणून वाटी वाढते. हे अपयश नव्हे. चिंता करावयाची ती वाटीबाहेरच्या खाण्याची. चहाबरोबर बिस्किटे, येता-जाता चिवड्याचा बकाणा, सरबत, आइस्क्रीम हे पदार्थ पोट न भरता सहज सरकतात. दिवसातून पाच वेळा अर्धी-अर्धी वाटी नेमाने खाणारा आणि दिवसभर थोडे थोडे चरणारा, यांच्या वजनातील फरक वर्षाअखेरीस दिसून येतो.

खरी सावधगिरी

वारंवार होणारी वांती ही ‘जास्त खाल्ले असेल’ म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. ती काही दिवस चालू राहिल्यास ‘ब-१’ जीवनसत्त्वाची तीव्र तूट पडून तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे, गोंधळल्यासारखे वागणे अशी मेंदूवरील लक्षणे उद्‌भवू शकतात, आणि उपचारास विलंब झाल्यास ती कायमची राहू शकतात. पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडीचा वेग वाढणे व पोटात तीव्र दुखणे, किंवा केव्हाही काळी शौचास होणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची कारणे होत. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची तूट मात्र दबक्या पावलांनी येते. यकृतातील साठा पुरतो तोवर काही जाणवत नाही. वर्ष-दोन वर्षांनी थकवा, हातापायांस मुंग्या, पंडुरोग अशी लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच ‘आता बरे वाटते’ या कारणासाठी गोळ्या थांबविणे घातक ठरते. त्या आयुष्यभर घ्यावयाच्या असतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी न घेता दोघींत दोन तासांचे अंतर ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील साखर झपाट्याने उतरत असल्याने मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे. स्त्रियांनी गर्भधारणा किमान १२ ते १८ महिने लांबवावी असा सल्ला दिला जातो.

मनाचा भाग याहून नाजूक आहे. ज्यांनी दुःख, कंटाळा, एकटेपणा हे सारे खाण्यात बुडविले, त्यांचा तो आधार एकाएकी निघून जातो. पोटाची भूक नाहीशी झाली तरी डोळ्यांची भूक राहते. काहींच्या बाबतीत तिची जागा मद्य घेते, आणि बायपासनंतर मद्य रक्तात फार लवकर चढते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत आत्मघाताचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचेही परदेशी अभ्यासांत आढळले आहे. यास्तव सतत उदास राहणे, माणसे टाळणे, जगण्याचा वीट आल्याची भाषा करणे, याकडे घरच्यांनी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

पंगत, कचेरी आणि शाळा

‘आमच्या हातचे गोड लागत नाही का ?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. लग्नाच्या पंगतीत यजमान प्रेमानेच आग्रह करतात. शस्त्रक्रिया झालेल्या पाहुण्याला मात्र तो टाळणे प्रत्यक्ष जेवण्याहून कठीण जाते. अशा पाहुण्याच्या पानात एकेक चमचा वाढावा, उरले तर राहू द्यावे आणि पुन्हा विचारू नये, एवढे सौजन्य यजमानाला सहज दाखविता येईल. मुख्याध्यापकांनी अशा शिक्षकाला दोन तासिकांच्या मध्ये दहा मिनिटे डबा उघडण्याची आणि वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची मोकळीक दिली, कचेरीतील बैठक लांबली असता त्याला मध्येच उठू दिले, तर त्यासाठी कोणत्याही आदेशाची आवश्यकता पडू नये. ‘किती वाळलात हो !’ हे उद्‌गारही जरा आवरावेत.

खेड्यातील रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हिताची ठरते. रुग्णालयातून मिळालेल्या कागदांची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावी. शस्त्रक्रिया कोणती झाली हे त्यांना ठाऊक असेल, तर अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी ते सहसा लिहून देणार नाहीत, कारण बायपासनंतर अशा गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण पडण्याचा धोका असतो. पहिल्या वर्षी साधारणपणे तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावयाच्या रक्ततपासण्यांची आठवणही मग गावातच देता येईल.